अहवालात पाणी ‘पिण्यास योग्य’, मग नळाला वास कसला?

प्रश्न : आमचं तालुक्याचं गाव, लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. नगरपरिषदेचं पाणी चार दिवसांआड येतं. मूळ पाणी धरणाचं आहे. यंदा उन्हाळ्यापासून नळ सुटला की पहिली काही मिनिटं पाण्याला गटारासारखा वास येतो. भांड्यांवर पांढरा थर बसतो, डाळ शिजायला वेळ लागते. आमच्या गल्लीत दोघांना कावीळ झाली. तक्रार करायला पाणीपुरवठा विभागात गेले, तर तिथल्या साहेबांनी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेच्या अहवालाची झेरॉक्स दिली. ‘पिण्यास योग्य’ असा शेरा आहे. फोटो सोबत पाठवते आहे. दोनच दिवसांनी आरओ विकणारा आला. त्याने नळाच्या पाण्यात मीटर बुडवून ६४० आकडा दाखवला, मग दोन सळ्यांचं यंत्र घातलं तर पाणी तपकिरी झालं. सासरे म्हणतात, जन्मभर हेच पाणी प्यायलो. खरं कुणाचं मानायचं? नगरपरिषदेकडे नेमकं काय मागायचं? आणि आरओ घ्यावा का? घरात जाऊबाईंचं चार महिन्यांचं बाळ आहे, त्याला वरचं दूध चालू आहे.

ताई, नमस्कार.

बाळाचा उल्लेख तुम्ही शेवटच्या ओळीत केलात, पण मी तिथूनच सुरुवात करते. तुमच्या नळाच्या पाण्यातलं नायट्रेट किती आहे हे तपासून होईपर्यंत बाळाचं दूध त्या पाण्यात कालवू नका, उकळूनही नको. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळांना जास्त नायट्रेटचा खरा धोका असतो. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडू शकतं. गावात ज्या भागाला फक्त धरणाचं पाणी येतं, तिथल्या ओळखीच्या घरून बाळापुरतं पाणी आणा, ते उकळून वापरा, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. तुमच्या नळाच्या पाण्याबद्दल मला नायट्रेटची शंका का आली, ते पुढे अहवाल वाचताना कळेल.

दुसरी गोष्टही आजच करायची. एका गल्लीत काविळीचे दोन रुग्ण ही आरोग्य खात्याला लेखी कळवण्याची बाब आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे चार ओळींचा अर्ज द्या, पोच घ्या. पाण्यातून पसरणारी कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते, आणि त्यातली ई ही गरोदर बाईसाठी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. गल्लीत कुणी गरोदर असेल तर तिला आधी सांगा. मोठ्यांनी सध्या पाणी उकळूनच प्यावं. खळखळून उकळी फुटल्यावर एखादं मिनिट पुरतं, वीस वीस मिनिटं गॅस जाळण्याची गरज नाही.

आता तुमचा अहवाल. मी बरीच वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यामुळे असा कागद हातात आला की माझी नजर शेऱ्याकडे जात नाही, ती सगळ्यात वरच्या चार ओळींकडे जाते. नमुना कुठे घेतला, कधी घेतला, कुणी घेतला, प्रयोगशाळेत कधी पोचला. तुमच्या कागदावर ठिकाण आहे ‘जलशुद्धीकरण केंद्र’. तारीख फेब्रुवारीतली. म्हणजे हा शेरा फेब्रुवारीतल्या एका दिवशी, केंद्राच्या आवारात भरलेल्या बाटलीबद्दल आहे. त्या बाटलीपुरता तो खराही असेल. तुमची तक्रार मात्र उन्हाळ्यानंतरची, कित्येक किलोमीटर पाइपातून आलेल्या पाण्याची आहे. साहेबांनी खोटा कागद दिला असं मी म्हणत नाही. त्यांनी दुसऱ्याच पाण्याचा कागद दिला.

‘दुसऱ्याच पाण्याचा’ हे मी शब्दशः म्हणते आहे, आणि त्याचा पुरावा त्या आरओवाल्याने नकळत तुमच्या हातात ठेवला. अहवालात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, २४० मिलिग्रॅम प्रति लिटर आहेत आणि कठीणपणा १३०. आपल्याकडच्या धरणाच्या पाण्याला शोभणारे आकडे आहेत. तुमच्या नळाला मीटरने दाखवले ६४०. पाइपातून येता येता क्षार असे अडीचपटीहून अधिक वाढत नाहीत. भांड्यांवरचा पांढरा थर आणि न शिजणारी डाळ हेही कठीण पाण्याचंच लक्षण. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं, त्यामुळे ते असं जड लागतं. माझा अंदाज असा की, उन्हाळ्यात धरणाचं पाणी कमी पडलं तेव्हा तुमच्या भागाच्या टाकीत किंवा थेट पाइपलाइनीत बोअरचं वा विहिरीचं पाणी सोडलं गेलं, आणि ते अजून चालू आहे. हे पाणी शुद्धीकरण केंद्रातून जातच नसेल, तर केंद्रावरचा कुठलाही अहवाल तुमच्या नळाबद्दल काही सांगू शकत नाही.

नायट्रेटची शंका इथूनच. तुमच्या अहवालात नायट्रेट ६ आहे, अगदी उत्तम. पण तेही धरणाच्या पाण्याचं. वस्तीतल्या बोअरमध्ये शौचालयांच्या शोषखड्ड्यांतून, उकिरड्यांतून, खतांतून नायट्रेट झिरपतं. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सूट नाही.

या मर्यादांबद्दल थोडं नीट सांगायला हवं, कारण आरओचा सगळा धंदा इथल्या गोंधळावर चालतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०५०० हे मानक आहे, २०१२ चं. त्यात बऱ्याच घटकांना दोन मर्यादा दिल्या आहेत. पहिली स्वीकारार्ह, दुसरी पर्यायी स्रोत नसेल तर चालवून घेण्याची. टीडीएससाठी हे आकडे ५०० आणि २०००, कठीणपणासाठी २०० आणि ६००, गढूळपणासाठी १ आणि ५ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), फ्लोराइडसाठी १ आणि १.५. म्हणजे ६४० हा आकडा पहिली रेघ ओलांडतो आणि दुसरीपासून खूप लांब राहतो. चव जरा बदलते, डाळ रुसते, पण हे विष नव्हे. याउलट नायट्रेट आणि ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) या घटकांना दुसरी रेघच नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही आढळता कामा नये. अहवाल वाचताना कुठल्या आकड्याला सूट आहे आणि कुठल्याला नाही, एवढं पाहिलं तरी निम्मी भीती अस्थानी ठरते आणि उरलेली योग्य जागी जाते.

तुमच्या साहेबांशी बोलताना आणखी एक लक्षात असू द्या. नळाच्या पाण्यापुरतं हे मानक कायद्याने सक्तीचं नाही. ‘आमच्यावर बंधन नाही’ असं कुणी म्हणालं तर ते तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. पण प्रयोगशाळा ‘योग्य’ हा शेरा त्याच मानकावर ताडून मारते, तेव्हा शेऱ्याचा आधार घेणाऱ्याला मानकही मानावंच लागतं.

सळ्यांच्या यंत्राला घाबरू नका. त्यात एक सळी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि ते लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तुम्हाला दिसलेला तपकिरी गाळ त्या सळीचा गंज होता. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्यासारखे असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. त्या प्रयोगाने पाणी शुद्ध की अशुद्ध हे ठरत नाही. मीटरलाही फक्त क्षार कळतात. मैलामिश्रित पाण्याचा टीडीएस २५० असू शकतो आणि स्वच्छ, सुरक्षित पाण्याचा ७००.

म्हणून माझ्या लेखी तुमच्या अहवालातली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे ती रिकामी चौकट : ‘अवशिष्ट क्लोरीन’. तिथे काहीच लिहिलेलं नाही. पाण्यात क्लोरीन घातल्यावर जंतू मारून जे उरतं ते अवशिष्ट. वाटेत कुठे पाइप फुटलेला असेल, गटाराचं पाणी शिरत असेल, तर त्याच्याशी लढायला एवढंच शिल्लक असतं. मानकाप्रमाणे ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं, आणि विषाणूंपासून बचाव करायचा असेल तेव्हा किमान ०.५. हा दुसरा आकडा तुमच्या गल्लीला लागू आहे, कारण कावीळ विषाणूची आहे. कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात घाण शिरली का हे ओळखायला प्रयोगशाळा शोधते ते जंतू (ई. कोलाय त्यांतलाच), क्लोरीनने लवकर मरतात, विषाणू त्यामानाने चिवट. ‘कोलिफॉर्म आढळले नाहीत’ असा अहवाल असूनही काविळीचा विषाणू पाण्यात असू शकतो, हे लोकांना कुणी सांगत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस ई ची जी साथ आली, तिने हे फार मोठी किंमत घेऊन शिकवलं.

बाटलीतून प्रयोगशाळेत जाईपर्यंत क्लोरीन उडून जातो, त्यामुळे हा आकडा जागेवरच मोजायचा असतो. आपल्याकडे त्याला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग येतो तो शेजारच्या रंगपट्टीशी लगेच ताडायचा. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. नगरपरिषदेच्या पाणी सोडणाऱ्या माणसाकडे हा संच असायला हवा, आशाताईंना विचारलंत तर त्याही सांगतील. तपासलेलं पाणी फेकून द्या आणि हात धुवा, ते रसायन पोटात जाण्याजोगं नाही. परीक्षा नळातून येणाऱ्या पाण्याची करा, पिंपातल्या नको. साठवलेल्या पाण्यात क्लोरीन तसाही उरत नाही. येत्या पाण्याच्या वारी दोनदा करा : नळ सुटल्या सुटल्या आणि अर्ध्या तासाने. दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा. गल्लीतल्या आणखी तीन-चार घरांत हेच झालं तर पाणीपुरवठा अभियंत्यासमोर ठेवायला तुमच्याकडे अहवालाच्या तोडीचा कागद तयार होतो.

पहिल्या काही मिनिटांच्या वासाचं कारणही इथे सांगते. चार दिवसांआड पाणी म्हणजे मधले दिवस पाइप रिकामा आणि दाबाविना. भोवतालच्या मातीत गटाराचं पाणी मुरलेलं असेल तर ते फटींतून, सैल सांध्यांतून आत शिरतं. पाणी सुटलं की ते पुढे ढकललं जातं आणि सगळ्यात आधी तुमच्या बादलीत येतं. कुणी नळाला थेट मोटार लावली तर पाइपातला दाब आणखी घटतो आणि बाहेरची घाण जोरात ओढली जाते. एका घरच्या मोटारीचा त्रास अख्ख्या गल्लीला होतो. हे शेजाऱ्यांशी बोलायला अवघड आहे खरं, पण कावीळ झालेल्या गल्लीत लोक आत्ता ऐकतील. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने चोवीस तास पाण्याची योजना राबवून दाखवली आहे. पाइप सतत भरलेला आणि दाबाखाली राहणं हा तिचा आरोग्याच्या दृष्टीने मोठा फायदा. तुमच्याकडे तसं होईपर्यंत पहिल्या दहा मिनिटांचं पाणी संडास-अंगणाला वापरा. शिवाय तुमच्या स्वतःच्या नळजोडणीचा पाइप गटारातून गेला आहे का, हे उद्याच वाकून बघा. जुन्या वस्त्यांत तो हमखास गटारातूनच गेलेला असतो, आणि गंजलेला असेल तर दोष तिथेच सापडतो.

सासऱ्यांचं म्हणणंही मी बाजूला सारत नाही. त्यांनी जन्मभर जे प्यायलं ते धरणाचं किंवा आडाचं पाणी असेल, आणि आत्ता तुमच्या नळाला येतंय ते तेच आहे का, हाच तर प्रश्न आहे. एका गावात दोन पाणी असू शकतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे, म्हणजे हातापायांची ताकद जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले, तेव्हा बरेचसे सिंहगड रस्त्यालगतच्या, महापालिकेत नव्याने आलेल्या गावांमधले होते. तिथलं पाणी शहराच्या शुद्धीकरण केंद्रातून येत नव्हतं. ते विहिरीतून उचलून, केवळ क्लोरीन घालून दिलं जात होतं. संशयाची सुई त्या पाण्याकडे वळली. महापालिका एक, पाणीपट्टी एक, पाणी वेगळं.

आता नगरपरिषदेकडे काय मागायचं.

शेरा मागू नका, रजिस्टर मागा. शेरा एका दिवसाचा असतो, रजिस्टरमध्ये वर्ष दिसतं. पहिलं रजिस्टर रोजच्या अवशिष्ट क्लोरीनच्या नोंदींचं, केंद्रावरचं आणि वॉर्डांतलं. ते उघडल्यावर आकडे हलतात का बघा. खऱ्या नोंदींत कधी ०.३, कधी ०.७, एखाद्या दिवशी शून्य आणि त्यापुढे ‘डोसर (क्लोरीन सोडणारं यंत्र) बंद’ असं काहीतरी असतं. वर्षभर एकाच शाईत ०.५, ०.५, ०.५ असेल तर ते मोजलेलं नाही, भरलेलं आहे.

दुसरं, प्रयोगशाळेत पाठवलेल्या सगळ्या नमुन्यांची यादी, ठिकाण आणि निकालासह. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तुमच्याएवढ्या गावात दर पाच हजार लोकांमागे महिन्याला एक, म्हणजे महिन्याला दहा आणि वर्षाला १२० नमुने जंतूंसाठी तपासले जायला हवेत. किती गेले, आणि त्यातले तुमच्या वॉर्डाच्या शेवटच्या टोकाचे किती, हे मोजा. टाकीजवळचा नमुना चांगला येणारच. पाइपलाइनीच्या टोकाला, जिथे पाणी सगळ्यात उशिरा आणि कमी दाबाने पोचतं, तिथला नमुना खरं सांगतो.

इथे एक गोष्ट बहुतेक लोक उलटी समजतात. वर्षभरात एकही नमुना ‘अयोग्य’ आला नाही असं दिसलं तर मला समाधान वाटत नाही. चार दिवसांआड पाणी, पावसाळा, जुने पाइप, आणि तरी शंभर टक्के योग्य? मग नमुने कुठून घेतले, हा प्रश्न उभा राहतो. याउलट ज्या यादीत चार-सहा अयोग्य नमुने आहेत आणि प्रत्येकापुढे ‘गळती दुरुस्त, क्लोरीन वाढवला, फेरनमुना अमुक तारखेला योग्य’ असं लिहिलं आहे, त्या गावात कुणीतरी मनापासून काम करतं आहे. अशा माणसाला अयोग्य नमुन्यांवरून झोडपू नका. त्याला झोडपलं की पुढच्या वर्षी तो टाकीजवळूनच बाटल्या भरेल.

तिसरं, तुमच्या भागाला पाणी देणाऱ्या सगळ्या स्रोतांची यादी : धरण, विहिरी, बोअर, कुठल्या महिन्यात काय सुरू होतं, आणि प्रत्येक बोअरचा रासायनिक तपासणीचा शेवटचा अहवाल. माझा बोअरचा अंदाज खरा की खोटा हे याच कागदावर ठरेल. चौथं, टीसीएल पावडरच्या, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरच्या, साठ्याची नोंद आणि तिच्यातल्या क्लोरीनच्या तपासणीचे अहवाल. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, दमट खोलीत पोती पडून राहिली की तो घटत जातो. कर्मचारी इमानाने रोज पावडर टाकतो आणि पाण्यात क्लोरीन मात्र नसतो, असं त्यामुळे घडतं. टाकी धुतल्याच्या तारखा आणि गळती दुरुस्तीचं रजिस्टर मिळालं तर उत्तमच.

हे सगळं आधी तोंडी मागा. कार्यालयात जाऊन ‘जरा रजिस्टर बघू द्याल का’ असं विचारलं तर दाखवणारे लोक असतात. नाही म्हणाले तर माहिती अधिकार कायदा २००५ आहेच. अर्ज नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो, म्हणून आधी फक्त क्लोरीन रजिस्टर आणि नमुन्यांची यादी मागा, स्रोतांचा अर्ज वेगळा करा. ‘पाण्याला वास का येतो?’ असं विचारू नका. हा कायदा असलेला कागद मिळवून देतो, स्पष्टीकरण देण्याची सक्ती करत नाही. असं लिहा :

‘दि. अमुक ते तमुक या कालावधीतील पुढील अभिलेखांच्या प्रती मिळाव्यात : १. अवशिष्ट क्लोरीन तपासणीची दैनंदिन नोंदवही (जलशुद्धीकरण केंद्र व प्रभाग क्र. अमुक). २. जैविक तपासणीसाठी पाठविलेल्या सर्व पाणी नमुन्यांची ठिकाण, दिनांक व निष्कर्षासह यादी. ३. अयोग्य आढळलेल्या नमुन्यांबाबत केलेली कार्यवाही व फेरतपासणीचे अहवाल. प्रती घेण्यापूर्वी मूळ नोंदवह्यांची पाहणी करण्याची परवानगी मिळावी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पाहणीचा हक्क कायद्यातच आहे, आणि झेरॉक्समध्ये एक शाई-दोन शाया कळत नाहीत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, वीस रुपयांच्या स्टॅम्पसह. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं, पण तिथे फार वाट बघावी लागते. म्हणून हेच कागद दुसऱ्या टोकाकडूनही मागून ठेवा : नमुने जिल्ह्याच्या ज्या प्रयोगशाळेत गेले तिच्याकडेही निकालांची नोंद असते. दोन्हीकडचे आकडे जुळतात का, हे पाहिल्याशिवाय मी तर कुठलाच आकडा धरत नाही.

अर्जाचं उत्तर येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही. तुमच्या नळाचं पाणी तुम्ही स्वतः शुल्क भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकता. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या. तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवणारी चिमूटभर पावडर किंवा थेंब असतात, त्यामुळे ती विसळायची नाही. मिनरल वॉटरची रिकामी बाटली चालणार नाही. नळाचं तोंड पुसून आचेने शेकून घ्या, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटली काठोकाठ न भरता बंद करा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. जमलं तर नळ सुटल्या सुटल्या आलेल्या पाण्याची एक बाटली वेगळी भरा आणि तसं लेबलवर लिहा. रासायनिक तपासणीला साधा स्वच्छ कॅन चालतो. त्यात नायट्रेट, कठीणपणा, क्लोराइड आणि फ्लोराइड एवढं मागितलं तरी तुमचं काम होतं. तुमच्या नळाचा कठीणपणा ३०० च्या पुढे निघाला आणि केंद्रावरचा १३० आहे, तर वेगळ्या स्रोताबद्दल वाद घालायला जागा उरणार नाही.

राहिला आरओ. तो आज घेऊ नका, नायट्रेटचा निकाल आल्यावर ठरवा. नायट्रेट ४५ च्या आत असेल, तर तुमची खरी अडचण जंतूंची आहे, आणि त्याला उकळणं किंवा यूव्हीचं (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) साधं यंत्र पुरतं. निव्वळ ६४० टीडीएससाठी आरओ घेतला तर एक पेला पाण्यामागे त्याहून अधिक पाणी मोरीत जाईल, आणि चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घराला ते परवडत नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये, जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी आणण्याचे निर्देश केंद्राला दिले होते. नायट्रेट ४५ च्या वर निघालं तर मात्र गोष्ट वेगळी. ते काढणाऱ्या मोजक्या घरगुती उपायांपैकी आरओ एक आहे, तेव्हा तो पिण्या-स्वयंपाकापुरता घ्या, आणि विक्रेत्याकडून नायट्रेट किती टक्के कमी होतं हे लेखी घ्या. तो निकाल घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडेही जा, आणि ते बोअर पिण्याच्या पाइपलाइनीतून तोडून वापराच्या पाण्याला द्यावं अशी लेखी मागणी करा. गल्लीतल्या ज्या घरांना आरओ परवडणार नाही, त्यांच्या नळालाही तेच पाणी येतं आहे.